निळ्या खड्यातली एकेरी ओळ

इंदूरच्या सियागंजात मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, किलोवर मिळतं. पारदर्शक थैलीत, वरून जराशी पांढरट भुकटी धरलेलं, आणि दुकानदार आपणहून सांगतो, मॅडम हाथ धो लेना, नीलाथोथा जहर होता है. बरोबरच सांगतो तो. बागाईतदार लोक हेच चुन्याबरोबर कालवून बोर्डो मिश्रण करतात आणि पिकावरच्या बुरशीवर फवारतात, म्हणजे विष तर आहेच. लेकीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्फटिक वाढवायचे होते, तुरटीचे सगळेच करतात म्हणून तिला निळे हवे होते, तर मी म्हटलं चालेल, पण हातमोजे घालायचे आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं घ्यायचं नाही.

करायची पद्धत सोपी. गरम पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवायचं, गाळायचं, बरणी रुमालाने झाकून अजिबात हलणार नाही अशा जागी ठेवायची. तळाशी बारीक खडे जमतात, त्यातला एक नीट घडणीचा निवडून दोऱ्याला बांधून ताज्या द्रावणात सोडायचा, की मग तो आपल्या आपण वाढतो. आमच्या रामबागेतल्या घरात माडीवरच्या कोनाड्यात ती बरणी होती. खडा बाहेर काढला तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढा होता, आणि रंग असा की उन्हात धरला तरच आरपार दिसावा. कडा धारदार, बाजू गुळगुळीत, पण सगळा तिरपा. लेकीने कंपासपेटीतला गुण्या लावून बघितला आणि म्हणाली, आई, ह्याला एक पण काटकोन नाहीये गं.

नाहीच आहे. स्फटिकांच्या सात कुळांपैकी सगळ्यात कमी सममिती असलेल्या कुळातला आहे तो. तिन्ही बाजू वेगवेगळ्या, तिन्ही कोन वेगवेगळे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि चुंबकत्व शिकवताना जे उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते नेमकं हेच आहे, तिरपं, स्वस्त आणि निळं. मोठमोठ्या लॅबमध्ये घडवलेले सुंदर पदार्थ पुष्कळ आहेत, त्यांचं कौतुक मलाही आहे, पण ह्या खड्याच्या आत जे चालतं ते कळलं तेव्हापासून सियागंजातली ती थैली मला निराळी दिसते.

आधी ह्याचा इतिहास, कारण तो फारसा सांगितला जात नाही. १९१२ साली म्युनिकमध्ये मॅक्स फॉन लाउए ह्यांना सुचलं की क्ष-किरण जर लहरी असतील आणि स्फटिकात अणू जर ओळीत बसलेले असतील, तर एकातून दुसरं जाताना ठिपक्यांची नक्षी पडायला हवी. फ्रीडरिश आणि क्निपिंग ह्या दोघांनी प्रयोग केला, आणि किरणांच्या वाटेत पहिल्यांदा ठेवला तो खडा मोरचुदाचा. ठिपके पडले. अणू खरोखर रांगेने बसलेले असतात ह्याचा पहिला फोटो असा ह्या निळ्या खड्यातून आला. लाउएंना १९१४ चं नोबेल मिळालं. पण त्या फोटोवरून कुठला अणू कुठे आहे हे सांगता येत नव्हतं, कारण तिरपेपणा. ते उलगडायला १९३४ उजाडलं, बीव्हर्स आणि लिप्सन ह्यांनी ते केलं.

आणि लगेच दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, कलकत्त्यात के. एस. कृष्णन आणि आशुतोष मुखर्जी ह्यांनी त्याच मोरचुदाच्या चुंबकीय गुणांवर पेपर लिहिला. कृष्णन म्हणजे रामन ह्यांच्याबरोबर १९२८ च्या शोधात होते तेच, पण मला ते जास्त मोठे वाटतात ते ह्या नंतरच्या कामासाठी. खडा अतिशय बारीक तंतूला टांगायचा, चुंबकीय क्षेत्रात सोडायचा, आणि तो कुठल्या दिशेला किती जोराने वळू पाहतो हे मोजायचं. बस. एवढ्यावरून आतले तांब्याचे अणू कसे बसलेत, कुणाचा अक्ष कुठे आहे, हे वाचायचं. मोरचुदाच्या प्रत्येक घरट्यात, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान ठोकळ्यात, तांब्याचे दोन अणू असतात आणि दोघांचे अक्ष वेगवेगळ्या दिशांना असतात. दोघांच्या जागा सारख्या नाहीत, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

ती अशी. तांब्याच्या प्रत्येक आयनवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, जोडी न मिळालेला, आणि त्याचा स्पिन म्हणजे एक चिमुकलं चुंबक. शेजारच्या तांब्याचा स्पिन कुठे आहे ह्याची त्याला खबर लागते, पण ती मधल्या अणूंच्या वाटेने, आणि ती वाट प्रत्येक दिशेला सारखी नसते. मोरचुदात अर्ध्या तांब्यांना फक्त एका दिशेने, पुढे एक आणि मागे एक, असे दोनच शेजारी लागतात. बाजूच्या ओळीशी त्यांचा संबंध जवळजवळ नाहीच. उरलेले अर्धे तांबे तर जवळजवळ एकटेच. म्हणजे हातात धरलेला खडा लांब, रुंद, उंच, सगळं आहे, पण त्यातल्या अर्ध्या स्पिनांच्या दृष्टीने जग एका ओळीचं आहे. फिजिक्समध्ये लो-डायमेन्शनल म्हणतात ते हे. वस्तू पातळ किंवा बारीक असायला पाहिजे असं काही नाही, कोणाचा कोणाशी संबंध आहे एवढंच बघायचं.

आता इथे एक गैरसमज मला मुलांमध्ये दरवर्षी दिसतो आणि त्याचा दोष मी पुस्तकांना देते. एका मितीचं गणित म्हणजे सोपं गणित, सरावाला दिलेलं, आणि खरं जग तीन मितींचं. रेषेवर चालणारी गाडी, मग प्रतलात फेकलेला चेंडू, मग खरं काय ते. स्पिनांच्या बाबतीत हे अगदी उलटं आहे. शेजारी जितके कमी, तितकी गडबड जास्त.

आयसिंगचं उदाहरण घ्या. हॅम्बुर्गमध्ये विल्हेल्म लेन्झ ह्यांनी आपल्या विद्यार्थ्याला, अर्न्स्ट आयसिंगला, प्रश्न दिला की ओळीतले स्पिन, प्रत्येक जण वर किंवा खाली, शेजाऱ्यासारखं राहिलं तर फायदा, अशा नियमाने लोहचुंबक बनतं का. त्याचं उत्तर १९२५ मध्ये छापून आलं, नाही बनत, जरा जरी उष्णता असली तरी नाही. कारण बघा, लाखभर स्पिनांची ओळ सगळी वर आहे, आणि मधूनच एका जागेपासून पुढचे सगळे खाली केले. नुकसान किती? फक्त त्या एका सांध्याचं. पुढे पन्नास हजार स्पिन उलटले तरी किंमत तीच. आणि सांधा तोडायला जागा मात्र लाखभर. त्यामुळे उष्णता कुठे ना कुठे तोडतेच. पण हेच स्पिन जाळीत बसवले, की उलट्या स्पिनांचं बेट जेवढं मोठं तेवढी त्याची किनार लांब, आणि किनारीच्या प्रत्येक सांध्याचे पैसे मोजावे लागतात. म्हणून जाळीत चुंबक टिकतं. पायर्ल्स ह्यांनी हे १९३६ मध्ये दाखवलं आणि लार्स ऑन्सागर ह्यांनी १९४४ मध्ये जाळीचं अचूक उत्तर काढलं.

हे झालं नुसतं वर-खाली. खऱ्या स्पिनाला तेवढंच बंधन नसतं, तो क्वान्टम असतो, वर आणि खाली ह्यांच्या मधल्या सगळ्या मिश्रणांत राहू शकतो. मोरचुदातल्या शेजाऱ्यांना एकमेकांच्या उलट राहायचं असतं, म्हणजे वर-खाली-वर-खाली. आपल्याला वाटेल की सगळ्यात थंड, सगळ्यात शांत अवस्था तीच असणार. नाही. हान्स बेथे ह्यांनी १९३१ मध्ये, रोममध्ये असताना, ह्या साखळीचं नेमकं उत्तर काढलं, आणि पुढे १९३८ मध्ये हुल्थेन ह्यांनी त्यावरून सगळ्यात खालची ऊर्जा काढली तर ती साध्या वर-खाली मांडणीच्या १.७७ पट खोल निघाली. म्हणजे ती सुबक एकाआड एक मांडणी कुठेच नाही, स्पिन सतत एकमेकांशी अदलाबदल करत असतात, शून्य केल्विनलाही, म्हणजे ज्याच्या खाली थंडी जाऊच शकत नाही तिथेही. बेथेंनी त्या पेपरात लिहिलं होतं की पुढच्या लेखात हीच रीत तीन मितींच्या जाळीला लावू. तो लेख आला नाही. ती रीत ओळीबाहेर तशी चालतच नाही.

मला सगळ्यात प्रिय आहे ते पुढचं, आणि ते कागदावर करून बघता येतं, लेकीला मी तसंच करायला लावलं. असं लिहायचं:

वर खाली वर खाली वर खाली वर

तिसरा उलटा करायचा:

वर खाली खाली खाली वर खाली वर

दोन ठिकाणी शेजारी शेजारी सारखे आले, दोन बिघडलेले सांधे, एकमेकांना चिकटून. आता चौथा आणि पाचवा ह्यांची अदलाबदल करायची, कारण शेजारी ते करतच असतात:

वर खाली खाली वर खाली खाली वर

बिघडलेले सांधे अजूनही दोनच आहेत, पण लांब गेले. आणखी एक अदलाबदल, आणखी लांब. आणि ह्याला काही ज्यादा ऊर्जा लागत नाही. आपण उलटवला होता एक अख्खा स्पिन, पण तो फुटून दोन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा अर्धी-अर्धी वाटणी घेऊन आपल्या वाटेने चालला. ह्या तुकड्याला स्पिनॉन म्हणतात. हे जाळीत होत नाही, कारण तिथे दोन तुकड्यांच्या मधले जे उलटलेले स्पिन असतात ते वरच्या आणि खालच्या ओळींशी भांडतात, तुकडे जितके लांब तितकं भांडण मोठं, मग ते बांधलेलेच राहतात. ओळीत वर-खाली कोणी नाहीच, त्यामुळे सुटका. (हे चित्र थोडं ढोबळ आहे, खऱ्या साखळीत पाया इतका नीटनेटका नसतो हे वर आलंच, पण फाद्दीव्ह आणि तख्ताज्यान ह्यांनी १९८१ मध्ये पक्कं गणित करून दाखवलं की तुकडा खरंच अर्ध्याचा असतो.)

लेक म्हणाली, पण हे कोणी पाहिलंय का? पाहिलंय, आणि मोरचुदातच पाहिलंय. २०१३ मध्ये मार्टिन मूरिगाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम छापलं, न्यूट्रॉनचा मारा करून. मोरचुदातल्या शेजाऱ्यांमधली ओढ अगदी हलकी आहे, तापमानात सांगायचं तर साधारण ३ केल्विन. आपल्या इंदूरचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन ३१५ केल्विनच्या पुढे जातं, त्या धक्क्यात ही कुजबुज कुठे ऐकू येणार, म्हणून खडा ०.१ केल्विनच्या आसपास थंड करावा लागतो. ४.२ केल्विनला उकळणारं द्रव हेलियमसुद्धा तिथे नुसतं पुरत नाही, त्याच्याही खाली जावं लागतं. आणि साध्या पाण्यातून वाढवलेला खडा चालत नाही, कारण हायड्रोजन न्यूट्रॉनला वाटेल तसा विखुरतो आणि चित्र धुरकट होतं, म्हणून त्यांनी स्फटिक जड पाण्यातून वाढवला. आमच्या कोनाड्यात वाढला तोच खडा, फक्त हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ, ड्युटेरियम.

त्यांची युक्ती मला फार आवडली. आधी ५ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लावलं, एमआरआय मशीनचं साधारण १.५ किंवा ३ असतं. एवढ्या जोरापुढे साखळीतले सगळे स्पिन मुकाट एका दिशेला वळतात. तेव्हा न्यूट्रॉनने एक उलटवला तर तो अख्खाच्या अख्खा एक लाट म्हणून पळतो, आणि आलेखावर बारीक, स्वच्छ रेघ उमटते. त्या रेघेवरून शेजाऱ्यांमधली ओढ नेमकी मोजून घेतली. मग क्षेत्र काढून टाकलं. तोच खडा, तीच साखळी, पण रेघ गायब, आणि तिच्या जागी पसरट ढग, वरून खालून कमानी असलेला. ऊर्जा आता एका प्रवाशाकडे नाही, दोघांत वाटली गेली आहे, आणि कोण किती घेईल ह्याच्या अगणित शक्यता आहेत, म्हणून ढग. ओढ आधीच मोजलेली, त्यामुळे मनासारखं काही जुळवून घ्यायला जागाच उरली नव्हती. गणित सांगतं की त्या ढगाचा सुमारे ७३ टक्के भाग दोन स्पिनॉनचा, आणि चार स्पिनॉनचे भाग मिळवले की जवळजवळ सगळा. मोजमाप त्याला धरून निघालं. बेथेंच्या १९३१ च्या गणिताची अशी साक्ष बोर्डो मिश्रणातल्या पदार्थाने द्यावी, हे मला आजही अंगावर रोमांच आणतं.

साखळीच्या गोष्टीत आपल्याकडचं एक काम आहे, ते वगळून पुढे जायची माझी इच्छा नाही. १९६९ मध्ये मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष ह्यांनी विचारलं की शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशीही ओढ असेल, आणि ती शेजाऱ्याच्या ओढीच्या बरोबर निम्मी असेल, तर काय होईल. उत्तर इतकं सुंदर आहे की बी.एस्सी.च्या मुलाला फळ्यावर पटवता येतं. साखळी जोड्याजोड्यांनी मोडते, एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, प्रत्येक जोडीचा स्पिन मिळून शून्य, बाहेर कोणाशी देणंघेणं नाही. का, तर ही ऊर्जा लागोपाठच्या तीन-तीन स्पिनांत वाटून लिहिता येते, आणि तिघांचं सगळ्यात जास्त समाधान तेव्हा होतं जेव्हा तिघे मिळून फक्त अर्धा स्पिन दाखवतात (एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन मापाने अर्धा असतो). जोड्यांच्या मांडणीत कुठलेही लागोपाठ तीन उचला, त्यातल्या दोघांची जोडी असतेच, म्हणजे उरला एकाचा अर्धा. प्रत्येक तिकडी एकाच वेळी खूश. झालं सिद्ध. जगभर हे मजुमदार-घोष मॉडेल म्हणून शिकवतात आणि आपल्या कित्येक मुलांना ती नावं कुठली हे माहीत नसतं, ह्याचं मला वाईट वाटतं.

आणि अर्ध्या स्पिनाऐवजी एकचा स्पिन घेतला तर? १९८३ मध्ये डंकन हाल्डेन म्हणाले की वागणूक मुळातच बदलते, साखळी हलवायला आधी ठरावीक ऊर्जा द्यावीच लागते. पुष्कळांना पटलं नव्हतं. पुढे निकेलच्या साखळ्यांत ते दिसलं, २०१६ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे.

हे सगळं स्पिनांचं झालं, इलेक्ट्रॉन जागचे हलले नाहीत. ते हलायला लागले तर? रात्री सराफ्यात दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर माणूस स्वतःच्या चालीने चालत नाही, गल्ली अरुंद, वळसा घालायला जागा नाही, मागून रेटा आला की तो पुढच्यात जातो आणि चालते ती गर्दी. एका ओळीतल्या इलेक्ट्रॉनचं हेच होतं. रुंद धातूत प्रत्येक जण थोडाफार स्वतंत्र असतो, इथे एकट्याचं अस्तित्वच उरत नाही, उरतात फक्त लाटा. तोमोनागा ह्यांनी १९५० मध्ये आणि लटिंजर ह्यांनी १९६३ मध्ये ह्याचं गणित मांडलं, आणि त्यातून निघालं की प्रभाराची लाट वेगळी, स्पिनची वेगळी, दोघींचा वेगही वेगळा. ज्या इलेक्ट्रॉनला आपण अविभाज्य म्हणून शिकवतो त्याचे दोन गुण दोन वाटांनी जातात. १९९६ मध्ये स्ट्रॉन्शियम आणि तांब्याच्या एका ऑक्साइडमधून प्रकाशाने इलेक्ट्रॉन उपटून बघितलं, तर एकाच्या जागी दोन वेगळ्या खुणा मिळाल्या.

ह्याच घराण्यातलं दुसरं ऑक्साइड मी वर्गात नेहमी सांगते, कारण त्यातले आकडे बोलतात. साखळीत शेजाऱ्यांमधली ओढ २००० केल्विनच्याही वर, मोरचुदाच्या सातशेपट. एवढी ताकद असताना वाटेल की खोलीच्या तापमानाला सगळं कधीच शिस्तीत बसलं असेल. बसत नाही. अख्ख्या खड्यात शिस्त लागते ती ५ केल्विनच्या आसपास, कारण ओळी-ओळींमध्ये बोलणंच नाही. ओढ कितीही जबर असो, ती एका दिशेची असली तर पुरत नाही.

अशा प्रयोगांना लागतात त्यांतली काही साधनं आपल्याच गावात आहेत हे इंदूरच्या लोकांना अजून नीट माहीत नाही, आणि पोह्यांचा, स्वच्छतेचा अभिमान सांगताना हेही सांगावं असं मला फार वाटतं. सुखनिवासकडे राजा रामन्ना केंद्रात इंडस-२ आहे, १७२.५ मीटर परिघाचं वर्तुळ, त्यात २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरत असतात आणि वळताना जो प्रकाश सांडतो त्याने पदार्थांच्या आतलं बघतात. आणि खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात जे कन्सोर्शियम आहे तिथे हेलियम द्रव करतात, लहान गावांच्या कॉलेजांतली पोरं आपापल्या पुड्या घेऊन येतात आणि थंडीत, चुंबकीय क्षेत्रात मोजमाप करून जातात. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते, ज्याच्या घरी मशीन नाही त्यालाही प्रश्न विचारता येतो.

पातळ थरांबद्दल, म्हणजे दोन मितींबद्दल, हल्ली इतकं लिहून येतं की मी थोडक्यात आटपते. २००४ मध्ये ग्राफीन आलं, म्हणजे कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा थर. १९६६ च्या मर्मिन-वाग्नर सिद्धांताप्रमाणे थरातल्या स्पिनांना सगळ्या दिशा सारख्या असतील तर शून्याच्या वर चुंबक टिकायला नको, पण २०१७ मध्ये क्रोमियम आयोडाइडचा एकच थर ४५ केल्विनपर्यंत चुंबक राहिला, कारण तिथे सगळ्या दिशा सारख्या नाहीत, थराला काटकोनातली दिशा लाडकी आहे. सिद्धांत मोडला नाही, त्याची अट तेवढी लागू नव्हती. बातम्यांमध्ये हा फरक गाळतात ते मला खटकतं.

मला थरातलं जे खरं गूढ वाटतं ते पुन्हा तांब्याचंच आहे. हर्बर्टस्मिथाइट नावाचं हिरवं खनिज, तांबं, जस्त, क्लोरीन, त्यात तांबे त्रिकोणांच्या जाळीत बसलेले, आणि त्रिकोणात तिघांनी एकमेकांच्या उलट राहायचं म्हटलं तर तिसऱ्याची पंचाईत होतेच. शेजाऱ्यांमधली ओढ १८० केल्विनच्या आसपास, आणि ०.०५ केल्विनपर्यंत थंड केलं तरी शिस्त लागल्याचं दिसलं नाही. मोठे स्फटिक भट्टीत कित्येक महिने वाढवले आणि २०१२ मध्ये त्यावर न्यूट्रॉन टाकले, तर मोरचुदासारखाच पसरट ढग दिसला, तोही थरात, जिथे तुकडे सुटायला नकोत असं मी वर सांगितलं. लेकीने तिथेच अडवलं, म्हणाली, मग तुझा तो वरच्या-खालच्या ओळींशी भांडणाचा मुद्दा कुठे गेला? मुद्दा असा की भांडण तेव्हाच होतं जेव्हा बाकीच्यांची काही एक मांडणी ठरलेली असते. इथे मांडणीच ठरत नाही, मग भांडायला काय उरलं. मात्र ह्या खनिजात जस्ताच्या जागी थोडं तांबं घुसलेलं असतं, ते खालच्या ऊर्जेला आपला सूर मिसळतं, आणि त्यामुळे स्पिनॉन हलवायला थोडी तरी ऊर्जा लागते की अजिबात लागत नाही ह्यावर दोन्ही बाजूंनी मोजमापं आहेत, वाद मिटलेला नाही.